आधी टाकीचा वास घ्या

बारा वर्षं उभी असलेली गाडी सुरू करायची तर पहिलं काम काय? दादाचं उत्तर होतं बॅटरी. भाच्याचं उत्तर मोबाइलचा कॅमेरा. आईचं, नारळ. उद्यमनगरातून आलेल्या मिस्त्रींनी यातलं काहीच मागितलं नाही. ते गाडीला वळसा घालून मागं गेले, पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं, नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं करून एकच शब्द बोलले. "वार्निश."

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. प्रीमियर पद्मिनी. राजारामपुरीत त्यांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून दोन दिवस ते पन्हाळ्याच्या बाजूच्या गावांत जायचे. गाडीसाठी नाव नोंदवलं 1975 मध्ये, गाडी दारात आली 1981 मध्ये. नाव नोंदवलं तेव्हा मी शाळेत होते, गाडी आली तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. भाच्याला हे सांगितलं की त्याला वाटतं आत्या फुगवून सांगते. पण परवान्यांच्या त्या काळात गाडी म्हणजे अँबॅसडर नाहीतर फियाट, आणि दोन्हींना रांग. पद्मिनी हे नाव कागदावरच राहिलं. कोल्हापुरात सगळे फियाटच म्हणायचे, आणि त्यात चूकही नव्हती. मूळची ती इटलीची फियाट 1100. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून 1964 पासून जी 'डिलाइट' बाहेर पडायची, तिचंच 1974 नंतरचं नाव पद्मिनी. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवरची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यापाशी. मी गाडी शिकले ती हिच्यावर, शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर, शेजारी अण्णा छातीवर हात ठेवून बसलेले.

2012 च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. गाडी त्यांची म्हणून विकायची नाही हे घरात न बोलता ठरलं. चालवायला मात्र कोणालाच सवड नव्हती. मग आम्ही ती जपली. म्हणजे मापाचं कापडी कव्हर शिवून घेतलं, चाकांना विटा लावल्या, दर दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ घातली. आमच्या सगळ्या नातेवाइकांत आमचं कौतुक झालं. वडिलांची वस्तू किती जपली बघा पोरांनी!

मला आज जाहीरपणे सांगायचं आहे की त्या गाडीला इतकं नुकसान अण्णांनी तीस वर्षांत केलं नाही, जितकं आम्ही ती जपून केलं.

आणि त्यातही सर्वात मोठं नुकसान केलं ते आमच्या हौसेच्या दहा मिनिटांनी. 2016 च्या दिवाळीत दादा पुण्याहून आला होता. पाडव्याच्या दिवशी कव्हर काढलं, शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी जोडली, टाकीत होतं त्या चार वर्षांच्या पेट्रोलमध्ये दोन लिटर ताजं ओतलं आणि दादानं सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसती घरघर. चौथ्या की पाचव्या खेपेला गाडी खोकली, आणि चालू झाली! गल्ली जमली. आईनं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. भाचा तेव्हा बारा वर्षांचा; त्यानं व्हिडिओ काढला तो नात्यागोत्यात फिरला. दहा मिनिटं गाडी मस्त चालली. दादा म्हणाला, "जुनं लोखंड आहे, काही होत नाही त्याला." दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाहुण्यांना दाखवायला म्हणून पुन्हा सेल्फ मारला तर आतून खडाक् खडाक् असा आवाज आला, जसा पत्र्याच्या डब्यात कोणी अडकित्ता आपटावा. सगळ्यांचे चेहरे उतरले. कव्हर परत घातलं. ते आठ वर्षं निघालं नाही.

तो आवाज कशाचा होता हे मला 2024 मध्ये कळलं, आणि तेव्हापासून मी ज्याला त्याला हेच सांगत सुटले आहे. पेट्रोल टाकीत वर्षानुवर्षं राहिलं की त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा डिंक व्हायला लागतो. इंजिन अशा पेट्रोलवर धडपडत चालतं सुद्धा, तिथंच माणूस फसतो. चालताना तो डिंक गरम व्हॉल्व्हच्या दांड्यांवर जाऊन बसतो. गरम असेपर्यंत मऊ, म्हणून पहिल्या दिवशी काही कळत नाही. रात्री इंजिन गार होतं, डिंक आवळतो आणि व्हॉल्व्ह आपल्या नळीत गच्च बसतात. सकाळी तुम्ही सेल्फ मारता. खालून कॅमशाफ्ट पुशरॉडला वर ढकलतो, वर व्हॉल्व्ह हलायला तयार नाही. मग मधल्यामध्ये पुशरॉड वाकतो. पाडव्याला गाडी चालू झाली हाच आमचा अपघात होता. ती त्या दिवशी चालू झाली नसती तर वाचली असती.

हे मिस्त्रींनी मला वास घेतल्या घेतल्या सांगितलं नाही. त्यांनी आधी विचारलं, "ताई, मधी कुणी सेल्फ मारलाय काय?" मी दवाखान्यात खरं लपवणाऱ्या पेशंटसारखी म्हणाले, "थोडासा." ते हसले नाहीत. "थोडा म्हंजे चालू झालती न्हवं?"

मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पलीकडे. अण्णांच्या वेळेपासूनचे ते आमचे फियाटवाले. आमच्या घरापासून उद्यमनगर चालत पंधरा मिनिटं. ज्यांना कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती एवढंच ठाऊक आहे त्यांनी एकदा तिथल्या गल्ल्यांतून फिरावं. ऑइल इंजिनं, त्यांचे सुटे भाग, ओतकाम, लेथ यांवर हा भाग उभा राहिला. शेतकऱ्याच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की उसाचं पाणी थांबतं, म्हणून बंद इंजिन आजच्या आज चालू करणारी माणसं या गावाला लागायची. मिस्त्री त्यातलेच. पण त्यांच्याकडून मी शिकले ते नेमकं उलटं. आज चालू करायचं नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी टाकी उतरवून रिकामी केली. आतून निघालं ते काळ्या चहाच्या रंगाचं, आणि तळाला गंजाचा गाळ. एअर फिल्टरचा डबा उघडला तर उंदराचं घरटं. त्यात वर्तमानपत्राचे तुकडे, गोधडीचा कापूस आणि अण्णांच्या लेटरहेडचे बारीक कपटे. एका कपट्यावर त्यांच्या अक्षरातलं 'जेवणानंतर' एवढं वाचता येत होतं. तो मी ठेवून घेतला. मग त्यांनी चारही स्पार्क प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे तेल सोडलं, अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल. प्लगच्या भोकांना चिंध्यांचे बोळे लावले, हात पुसले आणि निघाले.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काय न्हाई. पुढच्या ऐतवारी येतो."

"आठवडाभर नुसतं ठेवायचं?"

"तुमी बारा वर्सं ठिवली की."

या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजानं धरून बसतात. तेल त्यांच्या फटीत झिरपायला वेळ लागतो. सेल्फच्या जोरावर त्या सोडवायला गेलं तर रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला चरे पडतात, आणि मग ज्या कामाला दोन चमचे तेल पुरलं असतं त्याला इंजिन उतरवून बोअरिंगला न्यावं लागतं. मी चाळीस वर्षं बँकेत काढली. थकीत कर्जाची वसुली घाईनं करायला गेलं की मुद्दलही जातं हे मला माहीत होतं. लोखंडालाही तोच नियम आहे हे नव्हतं माहीत.

दुसऱ्या रविवारी रॉकरचं झाकण निघालं. मिस्त्रींनी आठही पुशरॉड ओढून काढले आणि मला म्हणाले, काचेचं काही आहे का. मी हॉलमधला काचेचा टीपॉय दाखवला. त्यावर त्यांनी एकेक सळी आडवी ठेवून बोटानं लोळवली. सहा सळया सरळ घरंगळत गेल्या. दोन डोलल्या, अडखळल्या आणि थांबल्या. "ह्या बगा तुमच्या दिवाळीच्या," ते म्हणाले. दोन्ही इनटेकच्या व्हॉल्व्हच्या. त्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवर वाळलेल्या मधासारखा थर होता. त्यांनी केरोसिन लावून, लाकडी हातोडीनं टकटक करत, त्यांना अर्धा तास मनवलं. व्हॉल्व्ह खाली गेला आणि आपल्या स्प्रिंगनं टप्पकन वर आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अण्णांच्या चेहऱ्यावर बाळ रडल्यावर बघितलेलं आहे.

पुशरॉड कुठून आणायचे? कुर्ल्याच्या भंगार बाजारातून. ज्या गावात ही गाडी तयार झाली तिथंच तिचे अवयव आता किलोवर मिळतात. मिस्त्रींच्या ओळखीतून दोन सळया एसटीच्या पार्सलनं आल्या, जुन्याच, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. टीपॉयवर त्यांचीही परीक्षा झाली.

मग इंजिन फिरवायची वेळ आली, तीही चावीनं नाही. मागचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि मिस्त्रींनी ते चाक दोन हातांनी हळूहळू ढकललं. सुरुवातीला बोटभर. मग थोडं मागं, पुन्हा पुढं. एका क्षणी आतून चिकट काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि प्लगच्या एका भोकातून तेलाची चूळ बाहेर आली. इंजिन जाम नव्हतं. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे; त्यानं हे सगळं व्हिडिओवर घेतलं नाही, कारण मिस्त्रींनी त्याला चाक ढकलायला लावलं होतं.

तुम्हाला वाटेल आता तरी गाडी सुरू केली असेल. नाही. मिस्त्रींनी चारही चाकांचे ड्रम उघडले. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, त्यानं व्हील सिलिंडर आतून गंजून बसले होते. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. "आदी थांबायचं बगूया, पळायचं मागनं," ते म्हणाले. ही गोष्ट मी दादाला फोनवर सांगितली तर तो म्हणाला, इंजिन चालू होतंय की नाही ते तरी बघा, मग ब्रेकवर खर्च करा. बहुतेक लोक असंच म्हणतात. हिशेबाला पटणारं आहे. फक्त चालू झालेली गाडी माणसाला जागेवर राहू देत नाही, आणि आमचं फाटक उताराच्या रस्त्यावर उघडतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी गाडी चालू झाली. आधी ताजं इंजिन ऑइल भरून, प्लग न लावता सेल्फ मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून. प्लग नसले की इंजिनावर ताण नसतो आणि तेल पंपातून वर चढतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा तिसऱ्या खेपेला विझला. मगच प्लग लागले. टाकी अजून जागेवर नव्हती. मिस्त्रींनी पेट्रोलची अर्ध्या लिटरची बाटली बॉनेटच्या कडेला उलटी टांगली आणि तिची नळी कार्बोरेटरला जोडली. "डॉक्टरची गाडी," ते म्हणाले, "सलाइन नको?" चोक ओढला. मी चावी फिरवली. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. पांढरा-निळा धूर असा निघाला की समोरच्या वहिनी घाबरून गॅलरीत आल्या. तो सिलिंडरमध्ये घातलेल्या तेलाचाच धूर होता, पाच मिनिटांत विरला. नारळ फोडायला आई पुढं झाली तर मिस्त्री म्हणाले, "काकू, उद्या."

कारण त्यांना दुसऱ्या दिवसाची काळजी होती. सोमवारी सकाळी ते कामावर जाताना मुद्दाम आले, प्लग काढून, चाक जॅकवर घेऊन, गार इंजिन परत हातानं फिरवून बघितलं. आठही व्हॉल्व्ह मोकळे. मग नारळ.

आता माझं म्हणणं. जुन्या गाडीच्या बाबतीत आपल्याकडे दोनच वाटा आहेत. झाकून ठेवा नाहीतर भंगारात द्या. घरं पहिली वाट धरतात, सरकार दुसरी दाखवतं, आणि दोघांनाही वाटतं आपण शहाणपण केलं. पण गाडी वापरानं मरते त्याहून लवकर उभी राहून मरते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींकडे बघा. तीच गाडी, तेच इंजिन. दिवसरात्र दोन-दोन चालकांच्या हाताखाली, पावसात, खाऱ्या हवेत त्या वीस वर्षं धावल्या, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची थांबली तीही इंजिन संपलं म्हणून नव्हे, वयाची मर्यादा संपली म्हणून. आमची फियाट राजारामपुरीच्या कोरड्या गॅरेजात, जिथं 2019 चा महापूरसुद्धा पोचला नाही, कव्हरखाली आतून सडली. कोल्हापूरकरांना दुसरं उदाहरण सांगायला नको. छत्रपतींच्या घराण्याची 1930 च्या दशकातली मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते. मिरवते ती एक दिवस. पण त्या एका दिवसासाठी तिच्यावर वर्षभर कोणाचा तरी हात फिरत असणार, नाहीतर ती आलीच नसती.

हल्ली तर उभं राहणं आणखी महाग झालं आहे. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता पंपावर तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत फार दिवस राहिलं तर पाणी धरून तळाला वेगळं बसतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा हे त्याच्यासाठी केलेले नाहीत. आम्ही ते सगळे बदलले. गंमत अशी की हे इथेनॉल आमच्याच भागातल्या साखर कारखान्यांतून जातं. आमच्या पन्हाळ्याकडच्या रानातल्या उसाचंही त्यात थोडं असेल. त्याला माझा विरोध नाही. उसाच्या बिलावर आमच्या भावकीतली लग्नं होतात. पण गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर कोरडे करून ठेवा, एवढं तरी कुणी गाडीवाल्यांना सांगावं की नाही? शिसं नसलेलं पेट्रोल 2000 साली देशभर आलं तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांचं काय होणार हे मिस्त्रींनी एकमेकांकडूनच शिकून घेतलं.

आणि कायदा? 2021 मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम केले. ते चांगले आहेत, मी मनापासून म्हणते. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, 20,000 रुपयांत दहा वर्षांची नोंदणी, नंतर नूतनीकरणाला 5,000. रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. इतकं समंजस कलम सरकारी कागदात क्वचित बघायला मिळतं. पण अण्णांची गाडी 1981 ची. ती विंटेज होणार 2031 मध्ये. तोवर ती नुसती जुनी. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीचं नोंदणी-नूतनीकरण आधी 600 रुपयांत व्हायचं. 2022 च्या एप्रिलपासून त्याला 5,000 झाले, आणि मी ब्रेक, टायर, वायरिंग करत चालढकल करते तोवर 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना 10,000. ते दर पाच वर्षांनी. शिवाय पर्यावरण कर, उशिराचा आकार. रोज साठ किलोमीटर धूर सोडत धावणाऱ्या खटाऱ्याला जो दर, तोच आमच्या रविवारच्या फियाटला.

मी माफी मागत नाही. कार्बोरेटरची गाडी धूर जास्त करते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ती रोजच्या रस्त्यावर नसावीच. शहरात मुलं श्वास घेतात आणि मी डॉक्टरची मुलगी आहे. माझी मागणी एवढीच की पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांत एक पायरी असावी. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं ऐतिहासिक गाडीची व्याख्या तीस वर्षांपासून धरली आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'एच'चा वेगळा क्रमांक मिळतो. ब्रिटनमध्ये चाळीस. आपणही तिशी ओलांडलेल्या गाडीला वर्षाला समजा हजार किलोमीटरची मर्यादा घाला, मीटरची नोंद बघा, विम्याची सक्ती ठेवा, आणि नोंदणी देताना गाडीचं वय न बघता तिची तब्येत बघा. ब्रेक लागतात का, स्टिअरिंगला ढिलाई किती, तेल गळतं का. मिस्त्री हे वीस मिनिटांत सांगतात. जन्मतारखेवरून आजार ठरवणाऱ्या डॉक्टरकडे आपण जात नाही.

आता 'यात गरिबाचं काय' असं कोणी विचारेल. रास्त आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना कायद्याची गरज लागत नाही, त्यांच्याकडे माणसं असतात, संग्रहालयं असतात. मधल्या गाड्या असतात त्या मास्तरांच्या, डॉक्टरांच्या, पतपेढीच्या कर्जावर घेतलेल्या. त्यांच्या आत आपल्या मध्यमवर्गाचे देवदर्शनाचे, बाळंतपणाचे, पहिल्या पगाराचे प्रवास झालेले आहेत. फिया­ट आणि अँबॅसडर सोडून त्या पिढीकडे तिसरं फारसं काही नव्हतं. 2031 पर्यंत थांबा म्हटलं तर त्यातल्या किती उरतील? आणि गाड्या उरल्या तरी मिस्त्री उरतील का? आमच्या मिस्त्रींचा मुलगा एका फौंड्रीत संगणकावरच्या मशीनवर काम करतो आणि वडिलांपेक्षा चांगलं कमावतो. त्यानं का शिकावं सळी काचेवर लोळवायला? रस्त्यावर पद्मिनीच नसेल तर शिकून करायचं काय? आपल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. त्यात उभं राहिलेलं इंजिन जागं कसं करायचं याचा एक आठवडा घाला, असं मी सुचवते. नुसत्या मोटारींसाठी नव्हे. आपल्या गावागावांत विहिरींवर, गिरण्यांत, बंद शाळांच्या जनरेटरमध्ये अशी हजार इंजिनं कोणीतरी झाकून ठेवलेली आहेत.

मिस्त्रींचं बिल मी इथं सांगणार नाही, कारण ते वाचून त्यांच्याकडचे बाकीचे लोक भांडायला येतील. त्यांनी मजुरी लावली ती रविवारच्या आठ तासांची. वास घेतल्याची, थांबल्याची, सोमवारी सकाळी परत आल्याची लावली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्येचं काय लावायचं?"

नोंदणीचे कागद अजून व्हायचे आहेत, त्यामुळे गाडीला रस्त्यावर जाता येत नाही. दर दुसऱ्या रविवारी मी ती वीस मिनिटं चालू ठेवते, पाणी पुरतं गरम होईपर्यंत, आणि मग गॅरेजातून फाटकापर्यंत आणते. बारा फूट. आई चौऱ्याऐंशीची आहे. ती पर्स घेऊन मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसते, अण्णांच्या वेळी बसायची तिथंच. फाटकापाशी मी ब्रेक दाबते, हँडब्रेक ओढते. आई काच खाली करून रस्त्यावर कोण आहे ते बघते, ओळखीचं कोणी दिसलं तर हात करते, आणि काच वर घेऊन म्हणते, "चल, घे मागं."